पार्श्वभूमी: कडुलिंबाचा पाला आणि कातडीवरचे जंतू

पाडव्याच्या आदल्या दिवशी नाशिकच्या बाजारात कडुलिंबाच्या डहाळ्यांचे ढीग लागतात. गुढीला बांधून उरलेला पाला आमच्या घरी आंघोळीच्या पाण्यात पडायचा. पाणी हिरवट-तपकिरी व्हायचं, कडवट वास न्हाणीघरभर दरवळायचा. घरात कांजिण्या झाल्या की खपल्या धरताना हेच पाणी.

कडुलिंबाने खाज शमते, ही समजूत जुनी आहे. चरकसंहितेत खाज शमवणाऱ्या दहा द्रव्यांचा 'कंडूघ्न' नावाचा गट आहे, त्यात निंब आहे. गळवांमागचा जंतू मात्र फार उशिरा दिसला. १८८० च्या सुमारास अलेक्झांडर ऑग्स्टन या स्कॉटिश शल्यविशारदाने गळवांतला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. गोल गोल जंतू एकमेकांना चिकटून घोसाने बसलेले होते. द्राक्षाच्या घडाला ग्रीकमध्ये जो शब्द आहे, त्यावरून त्याने नाव दिलं स्टॅफिलोकॉकस. द्राक्षबागांत वाढलेल्या नाशिककराला हे नाव एकदा ऐकलं की विसरता येत नाही. पुढे १८८४ मध्ये रोझेनबाख या जर्मन शल्यविशारदाने त्यातल्या सोनेरी वसाहती करणाऱ्या जातीला 'ऑरियस', म्हणजे सोनेरी, म्हटलं.

झाडाच्या बाजूने मोठं पाऊल पडलं १९४२ मध्ये. रसायनशास्त्रज्ञ सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी निंबोळीच्या तेलातून निंबिन, निंबिनिन आणि निंबिडिन ही कडू द्रव्यं वेगळी केली. आपले द्राक्षबागायतदार निंबोळी अर्क फवारतात, तो मुख्यतः अझाडिरॅक्टिन या निंबोळीतल्या द्रव्याच्या जोरावर किडींवर चालतो. त्यावरून तो जंतूंनाही मारेल असं धरून चालणं मला पटत नाही. कीड वेगळी, जंतू वेगळा.

जंतूंसाठी वेगळी चाचणी लागते. काचेच्या बशीत अगारच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीसारख्या पदार्थाच्या, थरावर जंतू पसरतात, मधोमध छोटी खाच पाडून तीत अर्क भरतात आणि बशी रात्रभर उबेत ठेवतात. सकाळी खाचेभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ कडं दिसलं, तर अर्काने त्यांना रोखलं. हे कडं मिलिमीटरमध्ये मोजतात.

पण अर्क कशात काढला, हे आधी विचारायला हवं. कडुलिंबातली बरीच कडू द्रव्यं पाण्यात नीट विरघळत नाहीत, अल्कोहोलमध्ये विरघळतात. म्हणून अल्कोहोलच्या अर्काचं कडं बहुधा मोठं भरतं. ते आकडे न्हाणीघरातल्या पाण्याला लावता येत नाहीत. शिवाय बशीत घाम नसतो, पू नसतो आणि कातडीवर कायम नांदणारे निरुपद्रवी जंतूही नसतात.