अति गरिबीची रेषा: आकडा कुठून आला आणि विदर्भातल्या गावात त्याचे काय होते

जून 2025 मध्ये जागतिक बँकेने अति गरिबीची रेषा माणशी रोजच्या 2.15 डॉलरवरून 3 डॉलरवर नेली. नव्या रेषेखाली जगातली सुमारे 80 कोटी माणसे येतात, म्हणजे दहातला जवळपास एक. त्यातला सर्वांत मोठा वाटा सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेचा. भारताचा आकडा याच रेषेने 2011-12 मध्ये 27 टक्के होता, तो 2022-23 मध्ये 5.3 टक्क्यांवर आला. माणसे मोजली तर साडेसात कोटींच्या आसपास. घट खरी आहे, मोठी आहे. पण मेळघाटात किंवा झरी जामणीच्या कोलाम पोडावर (कोलाम आदिवासींच्या वस्तीवर) हा आकडा सांगितला तर लोक विचारतात, तीन डॉलर म्हणजे नेमके किती? प्रश्न रास्त आहे.

हा डॉलर बँकेत बदलून मिळणारा नव्हे. अमेरिकेत तीन डॉलरला जेवढा माल येतो, तेवढाच माल इथे किती रुपयांत येतो, ते काढून रेषा ठरते. म्हणून तीन डॉलर म्हणजे अडीचशे रुपये नव्हेत. 2021 च्या भावाने ते साठ-बासष्ट रुपये होतात. वर्तमानपत्रांतही ही चूक वारंवार होते. दुसरे असे की, ही रेषा बहुतेक ठिकाणी खर्चावर मोजतात, मजुरीवर नाही. घरची ज्वारी, रानातून आणलेली भाजी, वेचलेला मोह यांचीही किंमत धरून खर्चात मिळवतात.

गरिबी रुपयांत मोजण्याचा आपल्याकडचा पहिला ठळक प्रयत्न दादाभाई नौरोजींचा. 1867-68 च्या भावाने त्यांनी तुरुंगातल्या कैद्याला मिळणारे अन्न-वस्त्र मांडले. प्रांताप्रमाणे वर्षाला माणशी 16 ते 35 रुपये लागत होते आणि सरासरी उत्पन्न मात्र 20 रुपयांच्या घरात होते. वऱ्हाडात तेव्हा कापसाचा जोर होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे भाव चढले, रेल्वे आली, खामगाव-अमरावतीच्या पेठा भरल्या. पेठेत पैसा आला, पण 1899-1900 च्या दुष्काळात मजुराला ज्वारी परवडेना आणि लोक खडी फोडण्याच्या कामांवर गेले. दुष्काळी कामाची ही रीत पुढे 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेत वेगळ्या रूपात आली: आता काम ही दया राहिली नाही, मजुराचा हक्क झाली. राज्याचा कायदा 1977 चा. देशाचा कायदा 2005 मध्ये झाला, आणि 2006 मध्ये पहिल्या टप्प्यात विदर्भातले अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हे जिल्हे होते.

स्वातंत्र्यानंतर 1962 मध्ये एका अभ्यासगटाने 1960-61 च्या भावाने माणशी महिना 20 रुपये ही किमान पातळी सांगितली. 1971 मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी रोजचे 2,250 कॅलरी अन्न हा आधार घेऊन ग्रामीण भागासाठी त्याच भावाने माणशी महिना 15 रुपये काढले. 1979 मध्ये योजना आयोगाच्या अलघ गटाने खेड्यासाठी 2,400 आणि शहरासाठी 2,100 कॅलरी धरल्या. खेड्यातले काम अंगमेहनतीचे, म्हणून जास्त.

2,400 कॅलरी नुसत्या ज्वारीतून काढायच्या तर दिवसाला जवळपास 700 ग्रॅम ज्वारी लागते, म्हणजे सात-आठ भाकरी. कोणी तसे खात नाही. डाळ, तेल, मीठ-तिखट लागतेच. पण गरीब घरात ताटातला सगळ्यात मोठा भाग धान्याचाच असतो, कारण एका रुपयात सर्वांत जास्त कॅलरी तेच देते. पोट भरते आणि प्रथिने, लोह कमी पडते. पंडुरोग, कमी वजनाची बाळे, वयाच्या मानाने खुजी मुले हे सगळे त्यातून येते, आणि एकट्या कॅलरीच्या रेषेला ते दिसत नाही. 2009 मध्ये योजना आयोगाच्याच तेंडुलकर समितीने कॅलरीचा खुंटा सोडून शिक्षण आणि औषधपाण्याचा खर्चही हिशेबात धरला. तिच्या पद्धतीने 2011-12 साठी ग्रामीण महाराष्ट्राची रेषा माणशी महिना 967 रुपये निघाली. पाच माणसांच्या घराला 4,835 रुपये: किराणा, कपडे, दवाखाना, शाळा, एसटीचे भाडे, सगळे त्यात.

जागतिक रेषाही साधारण एवढ्याच पातळीची. 1990 मध्ये जागतिक बँकेने गरीब देशांच्या स्वतःच्या राष्ट्रीय रेषा पाहून ‘रोज एक डॉलर’ ठरवला. मग 2008 मध्ये 1.25, 2015 मध्ये 1.90, 2022 मध्ये 2.15. प्रत्येक वेळी नवे भाव आले की रेषा सरकते.

या सगळ्या पद्धतींत एक मोठी उणीव आहे आणि विदर्भात ती फार बोचते. घरखर्चाच्या पाहणीतला अन्नखर्च आठवड्याचा किंवा महिन्याचा विचारतात. कपडे, शिक्षण, इस्पितळात भरती यांचा वर्षभराचा. सगळ्याची सरासरी काढून रोजचा आकडा निघतो. गरिबी मात्र हंगामाने येते. पश्चिमेकडे कापूस वेचणीत हातात पैसा असतो, पूर्वेकडे धानाच्या रोवणीत आणि कापणीत, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या दिवसांत. मेळघाटात पावसाळ्याचे दोन-तीन महिने सर्वांत कठीण: घरचे धान्य संपलेले, काम बंद, नाल्यांना पूर, मुलांना हगवण आणि न्यूमोनिया. वर्षाच्या सरासरीत रेषेवर असलेले घर श्रावणात रेषेच्या बरेच खाली असते, आणि लहान मूल त्या काही आठवड्यांतच खंगते.

दुसरी उणीव त्याहून गंभीर. इस्पितळाचा खर्च घराच्या ‘खर्चात’ धरला जातो. सावकाराकडून पैसे काढून किंवा बैलजोडी विकून बाळंतपणाला नागपूर गाठले, तर त्या वर्षी ते घर कागदावर रेषेच्या वर चढते. डोक्यावर चढलेले कर्ज त्यात कुठेच उतरत नाही. 2006 मध्ये विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना 3,750 कोटींचे केंद्राचे पॅकेज मिळाले, त्यातही भर सिंचन आणि व्याजमाफीवर होता. भूमिहीन मजुराच्या नावावर बँकेचे कर्जच नसते, त्याला व्याजमाफी काय कामाची?

गरीब किती ही मोजणी पाहणीतून होते. गरीब कोण हे यादी ठरवते. 2002 च्या दारिद्र्यरेषा सर्वेक्षणात 13 प्रश्न होते, प्रत्येकाला 0 ते 4 गुण, एकूण 52. घरात माणशी दोनपेक्षा कमी कपडे असतील तर 0, दहा किंवा जास्त असतील तर 4. वर्षाचा बराच काळ दिवसातून एक वेळचेही पोटभर जेवण नसेल तर 0. गुण जितके कमी तितके घर गरीब. पण किती गुणांवर कात्री लावायची हे वरून आलेल्या आकड्याच्या मापाने ठरले; त्या मर्यादेत बसतील तेवढीच घरे यादीत. एक पंखा आणि एक कुकर यांच्या गुणांनी घर बाहेर पडू शकत होते.

2013 चा अन्नसुरक्षा कायदा महाराष्ट्रात 1 फेब्रुवारी 2014 पासून लागू झाला. त्यात रेशनच्या प्राधान्य यादीतल्या कुटुंबाला माणशी महिना 5 किलो धान्य, सर्वांत गरिबांच्या अंत्योदय कार्डाला सरसकट 35 किलो. 5 किलो म्हणजे दिवसाला 167 ग्रॅम, तांदूळ धरला तर पावणेसहाशेच्या आसपास कॅलरी: 2,400 चा चौथा हिस्साही नाही. अंत्योदयात माणसे मोजत नाहीत, त्यामुळे आठ माणसांच्या घरात माणशी साडेचार किलोही येत नाही, आणि सर्वांत गरीब म्हणून निवडलेले घर प्राधान्य कार्डवाल्यापेक्षा मागे पडते.

प्राधान्य यादीसाठी ग्रामीण भागात वार्षिक 44,000 रुपये उत्पन्नाची मर्यादा ठरली. पाच जणांच्या घरात माणशी दिवसाला 24 रुपये, म्हणजे जागतिक रेषेच्या निम्म्याहूनही कमी. 2025-26 चा रोजगार हमीचा रोजचा दर 312 रुपये लावला तर नवरा-बायकोने प्रत्येकी 71 दिवस काम केले की ही मर्यादा ओलांडते. खरे उत्पन्न लिहिणाऱ्याला रेशन नाकारणारी मर्यादा चुकीची आहे, आणि दाखल्यावर कमी आकडा घालण्याची पाळी तीच आणते.

कार्ड असूनही धान्य अडते ते बहुधा रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनपाशी. कापसाच्या बोंडांनी आणि विळ्याने बोटांच्या रेषा झिजलेल्या बाईचा अंगठा लागत नाही. मग दुसरे बोट, मग घरातले दुसरे माणूस. ते वीटभट्टीवर गेलेले असेल तर ‘कंट्रोल’वर, म्हणजे रेशन दुकानावर, दुसऱ्यांदा यायचे आणि तो दिवस बुडवायचा. नवीन लग्न होऊन वेगळी चूल मांडलेल्यांची अडचण निराळी. राज्याचा इष्टांक, म्हणजे रेशनच्या लाभार्थ्यांची ठरलेली कमाल संख्या, सुमारे 7 कोटींचा, तो 2011 च्या जनगणनेवर बांधलेला. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. तिचे आकडे येऊन इष्टांक बदलेपर्यंत, पुरवठा विभागाच्या यादीत नवे नाव चढायचे तर आधी एखादे जुने नाव गळावे लागते.