अमेरिकेतली ड्राइव्ह-इन थिएटरं का बंद पडली? पार्श्वभूमी

अमेरिकन उपनगरांच्या जुन्या हवाई छायाचित्रांत हमरस्त्यालगत पंख्याच्या आकाराची एक मोकळी जागा दिसते. एका टोकाला पडदा आणि त्याच्यासमोर अर्धवर्तुळात मांडलेल्या ओळी. हे ड्राइव्ह-इन थिएटर, म्हणजे आपल्या गाडीत बसूनच सिनेमा बघायची जागा. आज त्या जागी बहुतेकदा दुकानं, गोदामं किंवा घरं असतात. याचं खापर सहसा टीव्ही आणि व्हिडिओवर फुटतं. मला ते कारण अपुरं वाटतं. जमिनीचा विचार केल्याशिवाय हा इतिहास कळत नाही.

सुरुवात न्यू जर्सीत झाली. रिचर्ड हॉलिंग्सहेड यांनी घरासमोरच प्रयोग केले: मोटारीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला, झाडांना पडदा ठोकला. अडचण एकच होती, पुढची गाडी मागच्याला आड येत होती. मग चाकांखाली ठोकळे सरकवून त्यांनी नेमका कोन शोधला. पुढे थिएटरात त्या ठोकळ्यांच्या जागी मातीचे उंचवटे आले. गाडी त्यावर चढवली की नाक वर होतं आणि काचेतून थेट पडदा दिसतो. हवाई छायाचित्रांतल्या ओळी म्हणजे हेच उंचवटे. 16 मे 1933 रोजी त्यांना पेटंट मिळालं आणि 6 जूनला कॅम्डेनजवळ थिएटर सुरू झालं. गाडीमागे 25 सेंट, शिवाय माणशी 25 सेंट. ते काही वर्षांतच बंद झालं. पेटंटही 1949 मध्ये न्यायालयात टिकलं नाही.

आवाजाचा प्रश्न मात्र बरीच वर्षं सतावत राहिला. पडद्यापाशी लावलेल्या कर्ण्यांचा आवाज मागच्या ओळींत उशिरा पोचायचा आणि शेजारच्या वस्तीची झोप उडवायचा. गाडीच्या खिडकीला अडकवायचा छोटा स्पीकर 1940 च्या दशकात आला, तेव्हा कुठे हे थांबलं.

युद्धानंतर उपनगरं वाढली, घरोघरी मोटार आली, मुलं झाली. लहानग्यांना सांभाळायला कोणाला न ठेवता त्यांच्यासह सिनेमा बघता येणं ही आईबापांसाठी मोठीच सोय होती. 1958 च्या सुमारास अशी 4,000 हून अधिक थिएटरं होती. न्यूयॉर्कजवळच्या कोपिएगमधलं एक तर 28 एकरांवर पसरलेलं, 2,500 गाड्यांचं.

ही जमीन शहराबाहेरची, म्हणून स्वस्तात मिळालेली. पण वस्ती तिथवर सरकली तसे भाव चढले, करही चढले. एवढ्या एकरांवर धंदा चालायचा तो अंधार पडल्यावर, आणि थंडीच्या प्रदेशांत तर वर्षातले काही महिनेच. त्यात 1966 च्या कायद्याने उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे नेण्याची पद्धत बहुतेक राज्यांत लागू झाली. घड्याळाप्रमाणे अंधार तासभर उशिरा पडू लागला आणि खेळ आणखी उशिरा सुरू होऊ लागला. दुसऱ्या दिवशी कामावर जाणाऱ्याला तो झेपेना. व्हिडिओ आला तो यानंतर.

जमिनीचा भाव आला म्हणून मालक बुडालेच असंही नाही. न्यूयॉर्कजवळच्याच व्हॅली स्ट्रीमचं 1938 मधलं सनराइज ड्राइव्ह-इन पाडून तिथेच मल्टिप्लेक्स उभं राहिलं. ते रेडस्टोन कुटुंबाचं होतं, आणि याच कुटुंबाच्या हाती पुढे व्हायाकॉम ही माध्यम कंपनी आणि पॅरामाउंट हा हॉलिवूडचा स्टुडिओ आला.

2013 च्या सुमारास फिल्मची रिळं बंद होऊन डिजिटल प्रोजेक्टर घेणं भाग पडलं. तो खर्च न झेपल्याने आणखी काही थिएटरं गेली. आता उरलीत साधारण 300, बरीचशी छोट्या गावांलगत. त्यातलं सर्वांत जुनं पेनसिल्व्हेनियातल्या ओरफील्डचं शँकवायलर्स. ते 1934 पासून चालू आहे.