मलेशियाने दार लावले तेव्हा: १९९८च्या निर्बंधांची पार्श्वभूमी

२ जुलै १९९७ला थायलंडने आपले चलन बाट मोकळे सोडले, म्हणजे त्याचा बांधलेला भाव सोडून दिला. डॉलरला २५च्या आसपास असलेला बाट सहा महिन्यांत ५०च्या पलीकडे गेला, हे सर्वांना ठाऊक आहे. गुंतवणूकदारांना खरा हादरा बसला तो परकीय चलनाच्या गंगाजळीच्या आकड्यांनी. कागदावर ३० अब्ज डॉलरहून अधिक दिसत होते, पण बाट सावरण्यासाठी केलेल्या वायद्यांत त्यातला बहुतेक पैसा आधीच गुंतला होता. तेव्हापासून या भागात ‘भाव किती पडेल’ यापेक्षा ‘पैसा बाहेर निघेल का’ हा प्रश्न मोठा झाला.

मलेशियात ती भीती खरी ठरली. १ सप्टेंबर १९९८ला पैसा देशाबाहेर नेण्यावर निर्बंध आले आणि दुसऱ्याच दिवशी डॉलरचा भाव ३.८० रिंगिट (मलेशियाचे चलन) असा बांधला गेला. याला सरसकट ‘भांडवल नियंत्रण’ म्हणतात आणि घोळ तिथेच होतो. कारखान्यांतली परदेशी गुंतवणूक, तिचा नफा, लाभांश, व्याज यांना हात लावलेला नव्हता. शेअर विकून आलेला पैसा मात्र बारा महिने देशातच ठेवायचा होता. देशाबाहेरचा, मुख्यतः सिंगापुरातला रिंगिट १ ऑक्टोबरपर्यंत परत आणायचा होता, कारण तिथेच तो उसना घेऊन विकला जात असे. सट्ट्याची ही वाट बंद करण्यामागचे कारण पटते.

पण याच फटक्यात सिंगापुरातले सुमारे १ लाख ७२ हजार गुंतवणूकदार सापडले, आणि त्यांच्याबद्दल फार कमी लिहिले जाते. १९९०मध्ये मलेशिया आणि सिंगापूरचे शेअरबाजार वेगळे झाल्यावर मलेशियन कंपन्यांचे शेअर सिंगापुरात एका समांतर बाजारात विकले जात. मलेशियाने त्या बाजारातले व्यवहार मानायचेच नाकारले. शेअर खात्यावर दिसत होते, पण विकता येत नव्हते. यांतले बहुतेक साधे बचतदार होते, रिंगिट पाडणारे नव्हेत. शिवाय रिंगिटने डॉलरला ४.८८चा तळ जानेवारी १९९८मध्येच गाठला होता. पळणारा पैसा तोवर बराचसा पळालाही होता.

फेब्रुवारी १९९९मध्ये बारा महिन्यांच्या अटीऐवजी बाहेर जाणाऱ्या पैशावर टप्प्याटप्प्याचा कर आला. सप्टेंबरमध्ये मुदत संपली तेव्हा लोंढा काही बाहेर गेला नाही. सिंगापूरकरांच्या शेअरबाबत तडजोड व्हायला मात्र २००० उजाडले. तीही शुल्क कापून, हप्त्याहप्त्याने. ३.८०चा भाव २१ जुलै २००५पर्यंत टिकला.