गाडी एका बाजूला झुकली म्हणजे शॉकअप गेले? नाही!

गाडी एका बाजूला बसली की ‘शॉकअप गेले’ हे ठरलेलं उत्तर. वर्षानुवर्षं चालत आलेलं, पण चुकीचं. गाडीचं वजन पेलते स्प्रिंग; शॉकअप फक्त तिची उसळी आवरतो. त्यातलं तेल गळलं तर खड्ड्यानंतर गाडी डुलत राहील, उभ्या जागी कलणार नाही. सपाट जागेवर, रिकाम्या गाडीत, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने दोन्हीकडे मोजा. जिकडे कमी भरेल तिकडे टॉर्च मारून स्प्रिंगचा अगदी खालचा वेढा बघा. चिखल-पाणी तिथेच साचतं, गंज चढतो, तुकडा तिथेच मोडतो. वरून स्प्रिंग धडधाकट दिसते. मोडलेलं टोक टायर फाडू शकतं, म्हणून कळकळीने सांगतो, तशी गाडी चालवू नका. आणि बदलताना डावी-उजवी जोडीच बदला.