गळ्याची गाठ काढताना आवाजाचं काय?

"डाक्टरांनू, आवाज जातलो काय?"

सिंधुदुर्गात थायरॉइडची गाठ काढायची ठरली की हा प्रश्न हमखास येतो, आणि बऱ्याचदा रुग्णाच्या आधी तिचा नवरा किंवा मुलगाच तो विचारून मोकळा होतो. "काही होत नाही, काळजी करू नका" हे उत्तर अर्धवट आहे. "एखादा टक्का धोका असतो, इथे सही करा" हेही तितकंच अर्धवट. नेमकं काय बिघडू शकतं, किती काळासाठी, आणि तसं झालं तर पुढे काय, एवढं नीट सांगायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. ती ओपीडीत, घरच्यांशी बोलायला दोन दिवस हातात असताना द्यायला हवीत. ऑपरेशनच्या सकाळी, उपाशीपोटी आणि हाताला सलाईन असताना कोणी काही ऐकून घेत नाही.

थायरॉइड ग्रंथी श्वासनळीला पुढून बिलगलेली असते. तिच्या मागून दोन्ही बाजूंनी एकेक नस (मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे) स्वरयंत्राकडे चढते. जाडी साधारण दोन मिलिमीटर. डावी नस आधी छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीला वळसा घालते आणि परत वर येते. उजवी गळ्याच्या मुळाशीच उजव्या हाताकडे जाणाऱ्या धमनीला वळसा घालून फिरते. शंभरात जेमतेम एखाद्या माणसात उजवी नस हा वळसा न घालता थेट आडवी येते, आणि नेहमीच्या जागी तिला शोधत बसलेला सर्जन फसू शकतो. या दोन नसा स्वरपट्ट्या उघडतात आणि मिटवतात. खरी अडचण शेवटच्या दीड-दोन सेंटिमीटरमध्ये असते. तिथे ग्रंथी एका चिवट बंधाने श्वासनळीला घट्ट बांधलेली असते आणि नस त्या बंधाला अगदी खेटून जाते. ग्रंथी उचलली की नसही ताणली जाते. नस कापली जाणं क्वचितच घडतं. बहुतेक वेळा ती ताणाने किंवा रक्त थांबवणाऱ्या यंत्राच्या उष्णतेने बधिर होते. दिसायला अखंड, पण काम बंद. अशी नस बहुधा काही आठवड्यांत ते सहा महिन्यांत सावरते.

एका बाजूची नस बंद पडली की त्या बाजूची पट्टी हलत नाही, मध्ये फट राहते आणि बोलताना हवा वाया जाते. आवाज घोगरा होतो, वाक्य संपण्याआधी दम संपतो, पाणी पिताना ठसका लागतो. माणूस मुका होत नाही. दोन्ही नसा एकदम बंद पडणं फार विरळ, पण तिथे चित्र उलटं असतं. दोन्ही पट्ट्या मधोमध येऊन थांबतात, आवाज बऱ्यापैकी राहतो आणि श्वास कोंडतो. गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी बसवावी लागू शकते. हे रुग्णाला सांगायला सर्जन बिचकतात, कारण घाबरून ती ऑपरेशनच नाकारेल असं वाटतं. पण पुढचा एक महत्त्वाचा निर्णय याच माहितीवर उभा आहे.

त्याआधी तिसरी नस, जिचं नाव संमतीपत्रावर बहुधा नसतंच. ग्रंथीच्या वरच्या टोकाला येणाऱ्या धमनीच्या अगदी जवळून एक बारीक फांदी जाते आणि स्वरपट्ट्या ताणणाऱ्या स्नायूला चालवते. गाठ मोठी असेल तर वरचं टोक वर सरकतं आणि ही नस धमनीबरोबर बांधली जाण्याचा धोका वाढतो. तिला इजा झाली तर घरातलं बोलणं जवळपास तसंच राहतं. जातो तो वरचा सूर, लांबवर टाकलेली हाक आणि तासभर बोलण्याची ताकद.

म्हणून सर्जनचा पहिला प्रश्न असायला हवा: तुमचा दिवस कसा जातो? हर्णे बंदरावर लिलावात भाव पुकारणारा, इंजिनाच्या धडधडीवरून खलाशांना सूचना देणारा तांडेल, रात्रभर दशावतारात राजाची भूमिका करणारा, डबलबारीच्या भजन-सामन्यात गाणारा बुवा, देवळात गाऱ्हाणं घालणारा गावकर, यांची पोटापाण्याची किंवा मानाची गोष्ट या तिसऱ्या नसेवर चालते. थायरॉइडच्या रुग्णांत बायका कितीतरी जास्त असतात आणि त्यांना "तुम्ही काय करता?" विचारलं की उत्तर येतं, "काही नाही, घरीच." पुढे विचारलं की कळतं, बाई सकाळी टोपली घेऊन चार वाड्यांत मासे विकते किंवा अंगणवाडीत तीस पोरं सांभाळते. उत्तर तिच्याच तोंडून यावं, सोबत आलेल्याच्या नव्हे.

आता आकडे. अनुभवी हातांत मुख्य नसेची कायमची इजा शंभरात साधारण एक-दोन, तात्पुरती पाच ते दहा, असं सर्वसाधारणपणे सांगतात. हे आकडे ऐकताना दोन गोष्टी विचाराव्यात. आकडा दर नसेमागे आहे की दर रुग्णामागे? पूर्ण ग्रंथी काढताना दोन नसा पणाला लागतात, म्हणजे रुग्णाचा धोका जवळपास दुप्पट. आणि ऑपरेशननंतर सगळ्यांचा घसा दुर्बिणीने तपासला होता की ज्यांनी तक्रार केली त्यांचाच? शोधलं नाही तर सापडत नाही, आणि न सापडलेलं 'शून्य टक्के' म्हणून मिरवलं जातं. पूर्वी मानेचं ऑपरेशन झालेलं असेल, कर्करोग ग्रंथीबाहेर पसरला असेल किंवा गाठ छातीत उतरली असेल तर धोका वाढतो, आणि अशी ऑपरेशनं वर्षाला मोजकीच करणाऱ्या सर्जनकडेही वाढतो. "तुम्ही वर्षाला किती करता?" असं विचारणं उद्धटपणा नाही. चांगला सर्जन सरळ आकडा सांगतो.

ऑपरेशनआधी स्वरपट्ट्या पाहून घ्याव्यात. नाकातून तीन-चार मिलिमीटरची लवचीक दुर्बीण घालतात, दोन-तीन मिनिटांचं काम. आवाज बदललेला असेल, आधी मान उघडलेली असेल किंवा कर्करोग पसरल्याचा संशय असेल तर ही तपासणी टाळूच नये. आवाज चांगला आहे म्हणून दोन्ही पट्ट्या हलतात असं धरून चालत नाही. हळूहळू निकामी झालेल्या पट्टीची उणीव दुसरी पट्टी भरून काढते. अशा माणसाची चांगली नस दुखावली तर थेट श्वासावर येतं.

जोडीला घरी करायचं एक काम: मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवणं. एका श्वासात जमेल तेवढा लांब 'आऽऽ' (निरोगी माणूस साधारण पंधरा सेकंद किंवा जास्त खेचतो, दहाच्या खाली आलं तर शंका घ्यावी), मग खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत चढणं, मग एक मोठी हाक, गायकाने एखादा अभंग. तिसऱ्या नसेची इजा दुर्बिणीत धड दिसत नाही, तेव्हा तुलनेला हेच कामी येतं. अमेलिता गॅली-कुर्ची या प्रसिद्ध ऑपेरा गायिकेचं गलगंडाचं ऑपरेशन १९३५ साली शिकागोत झालं आणि सर्जनने हीच तिसरी नस कापली म्हणून तिचा आवाज गेला, असं पुढच्या पिढ्या शिकत आल्या. नंतर काही सर्जननी जुनी कागदपत्रं चाळून म्हटलं की आवाज आधीपासूनच उतरत चालला होता. वाद अजून चघळला जातो.

सगळ्यात अवघड बोलणं असतं ते अर्ध्यावर, म्हणजे ग्रंथीची एकच बाजू काढून थांबण्याचं. आज बऱ्याच ठिकाणी नसेवर लक्ष ठेवणारं यंत्र वापरतात. भूल देताना घातलेल्या श्वासाच्या नळीवर स्वरपट्ट्यांच्या पातळीला इलेक्ट्रोड असतात. सर्जन नसेला साधारण एक मिलिअँपिअरचा विद्युतस्पर्श करतो आणि स्नायूचा प्रतिसाद पडद्यावर उमटतो. यंत्र नस वाचवत नाही, ती चालू आहे की नाही ते सांगतं. प्रतिसाद शंभर मायक्रोव्होल्टच्या खाली गेला की आधी बाकीच्या शंका दूर करायच्या: नळी सरकली का, भूलतज्ज्ञाने स्नायू ढिले करणारं औषध जास्त दिलं का, वायर निघाली का. वीसेक मिनिटं थांबूनही प्रतिसाद परतला नाही तर शहाणपण यात की दुसऱ्या बाजूला हात न लावता टाके घालावेत. पहिली नस सावरल्यावर उरलेली बाजू काढता येते, आणि थायरॉइडच्या बहुतेक कर्करोगांत एवढी वाट पाहिल्याने नुकसान होत नाही.

पण रुग्णाला जाग आल्यावर "अर्धंच झालं" हे पहिल्यांदा कळलं तर भांडण ठरलेलं. कोकणातून मुंबईला किंवा गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात गेलेलं कुटुंब "एकदाच काय तो उरकून टाका" म्हणतं. दुसरी खेप म्हणजे पुन्हा गाडीभाडं, पुन्हा रजा, पुन्हा पैशांची जुळवाजुळव. म्हणून ही शक्यता आधीच बोलून संमतीपत्रात लिहावी. उलट बाजूनेही तेच. एका बाजूची संमती घेऊन दोन्ही बाजू काढता येत नाहीत. जिवावर बेतलेलं नसेल तर एका शस्त्रक्रियेची संमती दुसरीला चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालच्या निकालात स्पष्ट केलं आहे.

ऑपरेशननंतर पहिले काही दिवस आवाज बसलेला असतोच, कारण भुलेच्या नळीने घसा सुजतो. हळू पण नेहमीच्या आवाजात बोलावं. कुजबुजल्याने उलट ताण येतो. पाण्याने ठसका लागत असेल तर घट्टसर पेज सोपी जाते. पहिल्या चोवीस तासांत मान फुगली, श्वासाला आवाज येऊ लागला, तर सकाळच्या राउंडची वाट न पाहता लगेच नर्सला हाक मारायची. दोन आठवडे ते दोन महिन्यांच्या आत आवाजाची तपासणी व्हायला हवी आणि तो बदललेला असेल तर स्वरपट्ट्या पुन्हा पाहायच्या. त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही, जवळच्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे चालतं. फक्त पट्टी हलते की नाही हे डिस्चार्ज कार्डाला जोडून लिहून घ्यावं. पट्टी अडलेली असेल तर वाणीउपचार लगेच सुरू करता येतात आणि फट बुजवणारं विरघळणारं इंजेक्शनही लवकर देता येतं. पट्टी कायमची सरकवणारी शस्त्रक्रिया मात्र नसेला सावरायला सहसा सहा महिने ते वर्ष दिल्यावरच करतात.