मिसूरी वन स्टार्ट

अमेरिकेतील मिसूरी राज्याची कामगार-प्रशिक्षण व उद्योगाकर्षण योजना. ती राज्याच्या आर्थिक विकास विभागाकडे असून, प्रत्यक्ष प्रशिक्षण बहुतांशी कम्युनिटी कॉलेजांमार्फत (दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणारी स्थानिक सार्वजनिक महाविद्यालये) दिले जाते. ‘मिसूरी वर्क्स ट्रेनिंग’ या योजनेस हे नाव २०१९ च्या सेनेट विधेयक ६८ अन्वये मिळाले.

अशा योजनांच्या उगमाविषयी एकमत नाही. मिसिसिपी राज्याने १९३६ मध्ये रोखे काढून कारखान्यांना इमारती पुरवल्या. काही लेखक तेथूनच आरंभ मानतात; परंतु त्या योजनेचा भर इमारतींवर होता, कामगारांच्या कौशल्यावर नव्हे. नॉर्थ कॅरोलायना १९५८ च्या सुमारास सुरू झालेल्या आपल्या प्रशिक्षणाला देशातील पहिले म्हणवते. साउथ कॅरोलायनात गव्हर्नर अर्नेस्ट हॉलिंग्ज यांच्या कारकिर्दीत, १९६१ मध्ये, येणाऱ्या कारखान्याच्या गरजेनुसार तात्पुरते ‘विशेष वर्ग’ उघडण्याची पद्धत कायद्याने रुजली. कालक्रमाने पहिला मान नॉर्थ कॅरोलायनाकडे जातो. मात्र कंपनी येण्याआधीच तिच्यासाठी माणसे तयार करण्याची पद्धत साउथ कॅरोलायनात अधिक स्पष्ट दिसते.

मिसूरीचा मार्ग या दोन्हींपेक्षा आयोवाच्या १९८३ च्या कायद्याशी जुळतो. आयोवात कम्युनिटी कॉलेज रोखे विकून प्रशिक्षणाचा खर्च उभा करते आणि नव्या कामगारांच्या पगारातून कापलेल्या राज्य आयकराचा काही भाग त्या रोख्यांच्या परतफेडीकडे वळवला जातो. कामगाराचा कर वाढत नाही, कंपनीलाही वेगळी रक्कम भरावी लागत नाही. राज्याचा महसूल तेवढा घटतो. मिसूरीने १९८८ च्या सुमारास हीच रचना स्वीकारली. तिच्यात वळती करावयाची रक्कम पहिल्या १०० नोकऱ्यांसाठी एकूण वेतनाच्या अडीच टक्के व त्यापुढील नोकऱ्यांसाठी दीड टक्का अशी होती. ठरलेल्या नोकऱ्या निर्माण झाल्या नाहीत तर परतफेडीचा आधारच ढासळतो, ही या रचनेतील खरी जोखीम होय. करमाफीपेक्षा ती तरीही अधिक समर्थनीय वाटते, कारण कारखाना बंद पडला तरी शिकलेले कौशल्य कामगाराकडेच राहते.

गव्हर्नर माइक पार्सन यांनी २०१९ च्या जुलैमध्ये सही केलेल्या उपर्युक्त कायद्यात (सेनेट विधेयक ६८) जनरल मोटर्सच्या वेंट्झव्हिल कारखान्याच्या विस्तारासाठी ५ कोटी डॉलरपर्यंतच्या करसवलतीची आणि प्रौढ विद्यार्थ्यांसाठी ‘फास्ट ट्रॅक’ शिष्यवृत्तीचीही तरतूद होती. वृत्तपत्रांनी करसवलतीचीच अधिक दखल घेतली. प्रशिक्षणाच्या कलमांवर लेखन थोडे आहे.

त्याच वर्षी मिसूरीने दुसरा एक कायदा करून मिसूरी व कॅन्सस या राज्यांच्या सीमेवरील कॅन्सस सिटी परिसरात राज्यसीमेपलीकडून नोकऱ्या ओढून आणण्यासाठी सवलती न देण्याचे, कॅन्ससनेही तसेच करावे या अटीवर, मान्य केले. कॅन्ससच्या गव्हर्नर लॉरा केली यांनी ऑगस्टमध्ये आदेश काढून त्यास प्रतिसाद दिला.