डिजिटल पात्रचित्रांवरील अभिप्राय

खेळ, अ‍ॅनिमेशन, कॉमिक्स किंवा निव्वळ हौसेसाठी संगणकावर वा टॅबलेटवर घडवलेले पात्राचे चित्र किंवा त्रिमितीय शिल्प दुसऱ्या डोळ्यांना कसे दिसते, कुठे पोचते आणि कुठे अडते, हे काम चालू असतानाच कलाकाराला सांगण्याची पद्धत. कलाकार आपसांत तिला ‘क्रिटीक’ किंवा नुसते ‘फीडबॅक’ म्हणतात. प्रदर्शनातल्या चित्राचे परीक्षण प्रेक्षकासाठी लिहिलेले असते. अभिप्राय चित्रकारासाठी असतो. म्हणून त्याचा कस एकाच गोष्टीवर लागतो : तो ऐकल्यावर पुढे काय करायचे हे चित्रकाराला आधीपेक्षा स्पष्ट दिसू लागले की नाही.

चित्र लोकांपुढे ठेवून मत ऐकण्याची रीत फार जुनी आहे. ग्रीक चित्रकार अपेलीस याची हकिकत रोमन लेखक प्लिनी सांगतो. अपेलीस आपली चित्रे येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसतील अशी बाहेर मांडी आणि आडोशाला उभा राहून त्यांचे बोलणे ऐके. एका मोच्याने चित्रातल्या पादत्राणाला एक बंद कमी असल्याचे दाखवले, तेव्हा अपेलीसने ते दुरुस्त केले. दुसऱ्या दिवशी हुरूप आलेला मोची पायाच्या आकारावरही बोलू लागला, तसा अपेलीस बाहेर आला आणि ‘पादत्राणापलीकडे जाऊ नकोस’ असे त्याला बजावले. या गोष्टीचा पहिला अर्धा भाग आजही खरा आहे. दुसरा मात्र जसाच्या तसा घेऊ नये. चित्र न काढणाऱ्यालाही पाय चुकल्यासारखा दिसतो, आणि तसे दिसते असे त्याने म्हटले तर त्याला खोडून काढता येत नाही. का चुकला आणि कसा सुधारावा, हे मात्र त्याला सांगता येईलच असे नाही. काय दिसते यावर बघणाऱ्याचा शब्द खरा आणि काय करायचे यावर चित्रकाराचा, ही विभागणी पाळली तर अभिप्रायातले निम्मे तंटे उद्भवतच नाहीत.

लिओनार्दो दा विंचीने चित्रकारांना काम चालू असताना सपाट आरशातून आपले चित्र पाहण्याचा सल्ला दिला होता. उलटे दिसलेले चित्र दुसऱ्या कोणाचे असावे असे वाटते आणि त्यातल्या चुका लगेच कळतात, हे त्यामागचे कारण. डिजिटल चित्रकार कॅनव्हास आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटवून हेच करतो. तासन्‌तास त्याच चेहऱ्याकडे पाहिल्यावर डोळा त्यातल्या तिरकेपणाला सरावतो. चित्र उलटे केले की एक डोळा खाली घसरलेला किंवा जबडा एका बाजूला सरकलेला चटकन दिसतो. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या कलाशाळांतून शिक्षक ठरलेल्या दिवशी येत आणि विद्यार्थ्याच्या रेखाटनावरच दुरुस्ती करत. फोटोशॉप हे चित्रसंपादनाचे सॉफ्टवेअर १९९० साली बाजारात आले आणि १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यात लेयर, म्हणजे एकावर एक ठेवता येणारे चित्राचे वेगळे थर, आले. तेव्हापासून मूळ चित्राला धक्का न लावता त्याच्यावर वेगळ्या थरात रेघा मारून दाखवणे शक्य झाले. ‘पेंटओव्हर’ म्हणतात ते हेच.

काय पाहावे, कोणत्या क्रमाने

मोठ्याकडून बारीककडे, हा क्रम जवळजवळ सगळे अनुभवी कलाकार पाळतात. आधी आकृतीची बाह्यरेषा, मग पोझ आणि तोल, मग प्रमाण, मग उजेड-सावलीची मांडणी, त्यानंतर रंग, आणि सर्वांत शेवटी कापडाच्या चुण्या, पट्ट्यांची बक्कले, केसांच्या बटा. नवख्या कलाकाराचा जीव बहुधा या शेवटच्या टोकात अडकलेला असतो आणि नवखा अभिप्राय देणाराही तिथेच बोट ठेवतो, कारण बक्कल चुकले हे सांगायला सोपे. पण धडच चुकीच्या जागी असेल तर बक्कल पुन्हा काढावेच लागणार. धड दुरुस्त होईपर्यंत त्यावरचा शब्द वायाच जातो.

बाह्यरेषा तपासायला पात्र पूर्ण काळे भरून पाहतात. तरीही ते कोण आहे, काय करते आहे हे कळले पाहिजे. व्हॉल्व्ह कंपनीचा ‘टीम फोर्ट्रेस २’ हा २००७ चा खेळ याबाबत नेहमी दाखल्यादाखल सांगितला जातो. त्यातली नऊ पात्रे लांबूनही नुसत्या काळ्या आकारावरून ओळखता येतील अशी घडवली आहेत. शिवाय पायांकडे गडद आणि छातीकडे उजळ अशी छटा ठेवली आहे, म्हणजे बघणाऱ्याची नजर शस्त्र धरलेल्या हातांकडे जाते. हे रंगकाम शोभेसाठी केलेले नव्हते. समोरचा गडी कोण आणि त्याच्या हातात काय, हे खेळाडूला क्षणात कळणे भाग होते. पात्रचित्रावर अभिप्राय देताना असा काही हेतू आहे का हे आधी विचारले नाही, तर बोललेले बहुतेक अंदाजपंचे ठरते.

उजेड-सावलीसाठी चित्र कृष्णधवल करून अंगठ्याच्या नखाएवढे लहान करावे. चेहरा पार्श्वभूमीत विरून जात असेल, तर रंग कितीही गोड असले तरी ती मांडणी फसली आहे. प्रत्येक आकार कडेला गडद आणि मध्ये उजळ करत जायची सवय नवख्यांत फार दिसते. त्यामुळे गाल, छाती, मांड्या सगळे उशीसारखे फुगलेले दिसते आणि उजेड कुठून येतो ते कळत नाही. इथे ‘शेडिंग सुधार’ म्हणून भागत नाही. ‘दिवा कुठे ठेवला आहेस?’ हा प्रश्न जास्त कामाचा. चित्र फार गडद आहे असे सांगण्यापूर्वी मात्र आपल्या पडद्याचा उजळपणा पाहून घ्यावा. मंद केलेल्या पडद्यावर दुसऱ्याचे चित्र कायमच काळवंडलेले दिसते.

चेहऱ्यात ठरावीक चुका पुन्हापुन्हा भेटतात. डोळे साधारणपणे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर असतात. केस आणि कवटीचा वरचा भाग विसरल्यामुळे ते कपाळाकडे सरकतात. चेहरा थोडा वळलेला असला की पलीकडचा डोळा अरुंद दिसायला हवा, पण तो अलीकडच्या डोळ्याएवढाच काढला जातो.

एक उदाहरण जवळून

समजा चित्रात भाला घेतलेली एक योद्धी आहे. भार उजव्या पायावर, डावा पाय सैल, नजर लांब. एक पाहणारा म्हणतो, ‘काहीतरी खटकतंय.’ हा अभिप्राय खोटा नाही, पण हातात काहीच देत नाही. दुसरा म्हणतो, ‘पोझ कडक आहे, कंबर वाकव.’ हा उपाय झाला. दोष अजून सांगितलेलाच नाही, आणि उपाय चुकीचाही असू शकतो. तिसरा म्हणतो, ‘माझी नजर आधी भाल्याच्या टोकावर गेली, मग पायांवर आली, आणि योद्धी डावीकडे पडतेय असं वाटलं. वजन कोणत्या पायावर आहे?’ आता चित्रकाराला तपासायला काहीतरी मिळाले. गळ्याच्या खळग्यातून सरळ खाली रेघ सोडली की ती भार पेलणाऱ्या पायावर किंवा अगदी जवळ उतरायला हवी. इथे ती दोन पायांच्या मधोमध पडते. शिवाय एका पायावर रेलून उभे राहिले की त्या बाजूचे नितंब वर चढते आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. चित्रात दोन्ही रेषा समांतर आहेत. कडकपणा आला तो यामुळे. कंबर वाकवून तो गेला नसता.

आता याच योद्धीचे पाय शरीराच्या मानाने खूप लांब आहेत असे कोणी म्हटले तर? प्रौढ माणसाची उंची साधारण साडेसात डोक्यांएवढी धरतात. वीरपात्रांना आठ किंवा त्याहून जास्त डोकी देतात, तर बाहुलीसारख्या गोंडस शैलीत सगळे शरीर दोन-तीन डोक्यांत बसवतात. शैली की चूक, हे ओळखायची एक खूण आहे : तो फरक चित्रात सगळीकडे सारखा पाळला आहे का? पाय, हात, बोटे, मान सगळेच लांबवलेले असेल तर तो निर्णय आहे. एकच हात लांब असेल तर तो निसटला आहे. तरीही संशय राहिला तर विचारावे. स्वतःला न आवडणारी शैली ही चूक म्हणून सांगणे हा अभिप्रायातला सर्वांत सरसकट अन्याय आहे, आणि त्याने शिकणाऱ्याचे नुकसान होते.

देणाऱ्याची बाजू

अभिप्राय दिला म्हणजे काम सुधारतेच, ही समजूत खरी नाही. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डीनिसी या संशोधकांनी १९९६ साली वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर कामगिरी घसरली होती. लक्ष कामावरून उठून स्वतःकडे वळले की परिणाम मंदावतो, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. पात्रचित्रात हे पावलोपावली दिसते. ‘तुला अजून शरीररचना जमत नाही’ हे वाक्य माणसाबद्दल आहे, ‘डाव्या खांद्याचा गोल छातीत घुसलाय’ हे चित्राबद्दल. पहिले ऐकून चित्रकार स्वतःचा बचाव करू लागतो, दुसरे ऐकून खांदा पाहतो. कौतुकालाही हेच लागू आहे. ‘भारीच!’ ऐकून बरे वाटते. ‘हनुवटीखालच्या परावर्तित उजेडामुळे चेहरा मानेपासून सुटा दिसतो’ हे ऐकले की पुढच्या चित्रात काय जपायचे ते कळते.

काम कोणत्या टप्प्यावर आहे तेही पाहावे लागते. कच्च्या रेखाटनाला ‘हात अपुरे आहेत’ सांगण्यात अर्थ नाही, आणि उद्या द्यायच्या चित्राला ‘पोझच बदल’ म्हणणे निरुपयोगी. एका वेळी दोन-तीन मुद्दे पुरेत. वीस चुका दाखवणाऱ्याने त्यातल्या सतरा कोणत्या तीन चुकांमुळे झाल्या हे आधी शोधले, तर तो जास्त उपयोगी पडेल.

नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० साली आखलेली चार टप्प्यांची पद्धत चित्रकारांच्या गटांतही वापरता येते. आधी पाहणारे काय भिडले ते सांगतात, मग कलाकार प्रश्न विचारतो, मग पाहणारे मत न मिसळता प्रश्न विचारतात, आणि मते शेवटी, तीही कलाकाराने ‘सांगा’ म्हटल्यावर. हे सगळे दर वेळी पाळायला वेळ मिळत नाही. मत न मिसळलेला प्रश्न विचारायची सवय मात्र कुठेही लावून घेता येते, आणि ती कठीण आहे. ‘पार्श्वभूमी इतकी गडद का ठेवलीस?’ या प्रश्नात मत दडलेले आहे. ‘पार्श्वभूमी ठरवताना काय मनात होतं?’ यात नाही.

पेंटओव्हर आधी विचारून करावा आणि रेघांपुरता ठेवावा. देणाऱ्याने सगळा चेहराच रंगवून दाखवला तर तो देखणा होतो, पण देणाऱ्याच्या हातचा होतो. शिकणारा त्याची नक्कल करतो आणि खांदा का सरकवला ते शिकायचे राहून जाते.

घेणाऱ्याची बाजू

चांगला अभिप्राय मागावा लागतो. ‘कसं वाटतंय?’ विचारले की ‘छान’ मिळते. पात्र कोण आहे, चित्र कशासाठी आहे, कोणते रेफरन्स (समोर ठेवून पाहिलेली छायाचित्रे वा चित्रे) वापरले आणि कशाबद्दल शंका आहे, एवढे सांगितले की बोलणे मुद्द्यावर येते. काही वेळा मात्र काहीच न सांगता ‘हे पात्र कोण असेल?’ एवढेच विचारावे. चित्रकार जिला धूर्त हेर समजून काढतो आहे, तिला पाहणारे दमलेली शिक्षिका म्हणत असतील, तर हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

ऐकताना समजावत बसू नये. चित्र जिथे जाईल तिथे समजवायला चित्रकार सोबत नसतो. ऐकलेले सगळे मान्य करणेही आवश्यक नाही. तिघांनी तीन वेगळे उपाय सुचवले, एकाने हात मोठा कर म्हटले, दुसऱ्याने लपव, तिसऱ्याने रंग उतरव, तर उपाय बाजूला ठेवून तिघांचे बोट कुठे आहे ते पाहावे. ते हातावरच आहे. दोष तिथेच आहे, आणि उपाय कदाचित चौथाच असेल. मनाला लागलेल्या शब्दाला लगेच उत्तर न देता चित्र दुसऱ्या दिवशी उलटे करून पाहिले की त्यातले खरे-खोटे बरेचसे निवडता येते.

त्रिमितीय काम आणि स्टुडिओ

त्रिमितीय पात्राचा अभिप्राय एका चित्रावरून देता येत नाही. पुढून, बाजूने, मागून आणि तिरके अशी दृश्ये, शक्यतो रंग काढून नुसत्या करड्या मातीसारख्या पृष्ठभागात मागावीत. कॅमेऱ्याची मांडणीही विचारावी. जवळून आणि रुंद कोनातून पाहिलेल्या चेहऱ्यात नाक फुगते आणि कान मागे पळतात; शिल्पाचा त्यात दोष नसतो. हलणाऱ्या पात्रात जाळीची, म्हणजे ज्या लहान तुकड्यांनी त्याचा पृष्ठभाग बनतो त्यांची, रचना पाहणे भाग आहे. डोळे आणि तोंड यांच्याभोवती वर्तुळाकार फिरणाऱ्या कडा नसतील तर हसताना चेहरा चुरगळतो, आणि खांद्यापाशी पुरेशी जाळी नसेल तर हात वर करताच काख कोसळते. स्थिर रेंडरमध्ये, म्हणजे संगणकाने त्या शिल्पाच्या काढलेल्या एका चित्रात, यातले काहीच दिसत नाही. पात्र हलवता यावे म्हणून आत हाडांचा सांगाडा बसवून झाल्यावर अशी दुरुस्ती महागात पडते, म्हणून ती बाब आधी बोलावी. वास्तवदर्शी चेहऱ्यांत आणखी एक पेच येतो. माणसाच्या फार जवळ पोचलेली, तरी थोडी चुकलेली आकृती अस्वस्थ करते, हे जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये मांडले. असा चेहरा पाहून कोणी ‘भीती वाटते’ म्हटले तर ते मत टाकून देऊ नये. पापण्या आणि नजरेचा रोख आधी तपासावा.

स्टुडिओत अभिप्रायाला अधिकाराची जोड असते. कला दिग्दर्शकाची सूचना ही बहुधा सूचना नसून काम असते. पिक्सार या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत ‘ब्रेनट्रस्ट’ या बैठकीत उलट नियम ठेवला गेला : सहकारी मोकळेपणाने दोष दाखवतात, पण त्यांचे म्हणणे दिग्दर्शकावर बंधनकारक नसते. पात्रकलाकाराच्या वाट्याला मात्र अनेकदा ‘चिलखत बदला’ एवढाच निरोप येतो. कामाला लागण्यापूर्वी काय अडते आहे ते त्याने विचारून घ्यावे. लांबच्या कॅमेऱ्यात पात्र जमिनीच्या रंगात मिसळते एवढीच अडचण असेल, तर खांद्यावरची छटा उजळ करून काम भागते आणि चिलखत आहे तसे ठेवता येते.